दोन पेले

३ नोव्हेंबर, सोमवार
आज काढलेला पत्ता – डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, भोवती तलवारी. पहिलं मनात काय आलं? माधवी! एकाच खोलीत, एकाच टेबलावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला आम्ही. पास ती झाली. जुलैपासून अकोल्याला नोकरी, आणि मी अजून इथेच, अमरावतीत.
हे टॅरोचे पत्तेही तिनंच दिलेले. ‘भविष्य नाही पाहाचं, पायल. रोज एक काढ, चित्र पाहून मनात काय येते ते लिहून टाक. मन हलकं होते.’
लिहिलं. नाही झालं हलकं.

५ नोव्हेंबर
पत्ता – सूर्य. घोड्यावर हसणारं पोर. फोनवर माधवीही अशीच हसते. चीड येते! त्यात दर्यापूरहून बाबांचा फोन – ‘माधवीचं झालं, तुह्यं कधी?’

९ नोव्हेंबर, रविवार
माधवी आली. आल्याआल्या गिला वडा मागितला. दोन प्लेटी संपवून म्हणाली, ‘सुगतनं लग्नाचं विचारलं मले.’ तिच्या ऑफिसातला. फोटो दाखवला. चांगला दिसतो मेला!
‘माह्यासाठी एक पत्ता काढ ना.’
आला तो दोन पेल्यांचा! मुलगा-मुलगी समोरासमोर, हातात पेले, नजरेला नजर. लग्नासाठी याहून चांगला पत्ता नाही.
आणि मी काय म्हणाले? ‘दोघांचे पेले वेगवेगळे. हे टिकत नाही. नाही म्हणून टाक त्याले.’ आवाजसुद्धा अडखळला नाही माझा.
ती माझ्याकडे बघत राहिली. ‘बरं,’ म्हणाली, आणि संध्याकाळच्या बसनं गेली.
मला सुगत हवाय का? मुळीच नाही! मी त्याला भेटलेलेही नाही. तिला मिळू नये, एवढंच. लिहिताना लाज वाटतेय, पण खोडणार नाही.

११ नोव्हेंबर
पत्ता काढला नाही. दोनदा फोन हातात घेतला, ठेवला. तिनं खरंच त्याला ‘नाही’ कळवलं असेल तर? – असू दे!
जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर
माधवीचा फोन.
‘सुगतले मी शनिवारीच हो म्हटलं होतं. तुह्याकडे आली त्याच्या आदल्या दिवशी.’
मी समोरचे पत्ते उलटे करून ठेवले.
‘दोन पेल्यांचा अर्थ मले माहीत आहे, पायल. पत्ते मीच शिकवले ना तुले.’
‘मंग काहून विचारलं?’
‘तुले आनंद होते का, ते पाहाचं होतं.’
साखरपुड्याची तारीख तिनं सांगितली नाही. मीही विचारली नाही.