डक्टकडची खिडकी

३ जून

विदादने आईचा सोनेरी सलॉन, बैठकीचा अख्खा सेट, पांढरा करून टाकला! सोफा पांढरा, खुर्च्या पांढऱ्या, हातांवरची कोरीव द्राक्षंसुद्धा पांढरी. वर करडं मखमल. मी आपली खाली लिंबं द्यायला गेले, तर बैठकीच्या खोलीत दातांचा दवाखाना.

"कसा दिसतो गं?" म्हणाली.

"स्वच्छ दिसतो," म्हटलं. खोटं बोलले नाही.

तो सलॉन आईच्या लग्नात दमिएत्ताहून बोटीने आला होता म्हणे. वर्षभर चादरी घालून असायचा. पाहुणे आले की चादरी निघायच्या, गेले की परत. आम्हा दोघी बहिणींना, मला आणि विदादला, त्यावर बसायची बंदी! मी त्या सोफ्यावर पहिल्यांदा बसले ती शुक्री मला बघायला आले तेव्हा. पाठीत टोचत होता. सोनेरी खुर्ची टोचलीच पाहिजे. पाहुण्याने ताठ बसावं आणि वेळेत उठावं.

आईचं घर विदादकडे राहिलं, म्हणून सलॉनही तिच्याकडे. माझी हरकत नव्हती. सोनेरी होता तोवर.

या महिन्यात निहालच्या लग्नाची बोलणी पक्की व्हायची आहेत. मुलाकडचे येतील, फातिहा म्हणून शब्द पक्का होईल. म्हणून ही रंगरंगोटी. भाचीचं चांगलं होतंय, आनंदच आहे. खुर्च्यांनी काय पाप केलं होतं?

७ जून

खाली भिंत पाडली. आता स्वयंपाकघर आणि बैठक एकच. याला अमेरिकन किचन म्हणतात. म्हणू देत.

माझं मत — स्वयंपाकघराला दार हवं. दाराआड बाई घाम पुसते, मीठ चाखते, नवऱ्याला शिव्या घालते, आणि मग हसत बाहेर येते. दारच काढलं तर हे सगळं करायचं कुठे? आणि मासे तळायचे कसे! अलेक्झांड्रियात राहायचं आणि घरात मासे तळायचे नाहीत?

विदाद म्हणते चिमणी बसवणार आहे. चिमणी वास ओढते. बाईचं तोंड थोडंच झाकते.

८ जून

छतात बारीक दिवे लावलेत. त्याखाली माणूस चौकशीला आणल्यासारखा दिसतो.

१२ जून

यंदाची पहिली ताजी मोलोखियाची पातळ भाजी. पाला बारीक चिरून चिरून मनगटं गेली. शुक्री दोनदा वाढून घेऊन जेवले आणि वर म्हणाले, "श्वास ओढलास का नाही, बाईसाहेब?" आयुष्यभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे या श्वासाची त्यांना फार गंमत वाटते.

आईचं म्हणणं असं, की लसूण-धण्याची फोडणी चर्रकन पातेल्यात पडते त्याच क्षणी बाईने दचकल्यासारखा मोठ्ठा श्वास आत ओढला पाहिजे. नाहीतर पाला तळाला बसतो. खरं-खोटं देव जाणे. या शहरात असं एक घर दाखवा जिथे ओढत नाहीत!

आमच्याकडे कामं वाटलेली होती. पाला आईचा, फोडणी माझी, श्वास विदादचा. मला तो कधी जमलाच नाही, ऐन वेळी हसू फुटायचं. आई डाव उगारायची. लग्नानंतर चुली वेगळ्या झाल्या, पण मजले वरखाली आणि दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टवर. तिचा श्वास मला वर ऐकू येतो — दणदणीत. माझा आपला उचकी लागल्यासारखा. डक्टमधून दोरीला टोपली बांधून आमची देवाणघेवाण चालते. लिंबं, पुदिना, वाटीभर तूप, निहाल लहान असताना एकदा तिची बाहुली.

खाली विचारलं, "आता उघड्या किचनमध्ये चार लोकांसमोर श्वास कसा ओढणार?"

"नाही ओढणार. चव काय श्वासाने येते?"

शुक्री खूश! म्हणाले, घरात एक तरी शिकली.

१७ जून

आमच्या बैठकीकडे आज जरा परक्याच्या नजरेने पाहिलं. तपकिरी. सगळंच तपकिरी. काचेच्या कपाटात लग्नातला चिनी सेट, अजून एकही कप बाहेर निघालेला नाही. टिशूच्या खोक्याला भरतकामाचं आवरण, ते विदादने केलेलं. पडदे बदलायला हवेत हे मान्य. पण निदान कशाचा रंग काय आहे ते कळतं.

२० जून

फातिहा झाला. निहाल फार गोड दिसत होती. रामेझ मुलगा बरा आहे, हात लांब करून खातो, ते मला आवडतं. कमी खाणाऱ्या जावयावर माझा विश्वास नाही.

जेवण ठीक. शरबत जास्त गोड. विदाद ओट्याच्या पलीकडे उभी राहून पाहुण्यांशी बोलत होती आणि अलीकडे भात वाढत होती — धड इथे नाही, धड तिथे नाही.

मुलाची आई, मदाम इजलाल, सोफ्यावर हात फिरवत म्हणाली, "काय सुंदर सलॉन! किती हलका रंग!"

मी म्हटलं, "पूर्वी सोनेरी होता. आता कफन पांघरलंय."

मदाम इजलाल पुटपुटली, "अल्ला सगळं वाईट दूर ठेवो." विदाद हसली आणि शरबताचा ट्रे पुढे केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

उपमा अगदी बरोबर होती.

२१ जून

विदाद वर आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"मुलीच्या फातिह्याला, माझ्या घरात, तू कफन म्हणालीस."

"मी सोफ्याला म्हणाले."

"त्या सोफ्यावर माझी मुलगी बसली होती, फर्याल!"

तिचे डोळे लाल होते. रात्री झोपली नसावी.

"यापुढे यायचं तर पाहुण्यासारखं यायचं. पुढच्या दाराने. बेल वाजवून." आणि गेली. जिन्यात तिच्या सपाता वाजत होत्या. आमच्या घरात रागाने कोणी दार आपटत नाही, चप्पल आपटतात.

मी खुर्च्यांबद्दल बोलले. खुर्च्यांबद्दल मत असायला आता परवानगी लागते!

२२ जून

डक्टमधली दोरी वर ओढून घेतली. टोपली माळ्यावर.

२५ जून

उन्हाळा आला की गालिचे गुंडाळायचे, ते यंदा राहूनच गेले होते. आज शुक्रींनी गुंडाळले. बांधायला काही सापडेना. डक्टची दोरी दिली. छान घट्ट बसली.

"आणि टोपलीला?" त्यांनी विचारलं.

"टोपलीला काय काम आहे आता?"

त्यांनी गाठीवर आणखी एक गाठ मारली.

२ जुलै

गेले खाली. रव्याची बसबूसा केली होती, ताटभर उरली, म्हणून. माफीबिफी मागायला नव्हे. बेल वाजवली, म्हणालीच होती तसं.

दार उघडून म्हणाली, "या ना. या, बसा."

या! बसा! मला!

पांढऱ्या सलॉनमध्ये बसवलं. रस आणला. तो काचेचा पैलू पाडलेला ग्लास, खाली जाळीची चकती, चांदीचा ट्रे. आईच्या मागे तो ट्रे मी पहिल्यांदाच बाहेर पाहिला. "आणखी घ्या ना, काहीच घेतलं नाहीत." तीनदा आग्रह केला, अगदी रीतीप्रमाणे. पाहुणचारात काडीचीही चूक नाही. आईने शिकवलेलं सगळं माझ्यावरच वापरलं!

शुक्रींची तब्येत विचारली. मी तिच्या गुडघ्यांची. मग उकाडा. मग दोघी चिमणीकडे बघत बसलो.

मखमल मऊ आहे, हे कबूल. टोचत नाही. तरी ताठच बसले, आणि वेळेत उठले.

बसबूसाचं ताट तिने धुऊन, पुसून, त्यात संत्री घालून परत दिलं. परक्यांचं ताट रिकामं पाठवत नाहीत. माझी ताटं तिच्याकडे वर्षानुवर्षं पडून असायची, मीच जाऊन शोधून आणायची.

३ जुलै

संत्री आंबट.

८ जुलै

खालून कांदा करपल्याचा वास. ती फोनवर बोलत असणार. पूर्वी डक्टमध्ये तोंड घालून ओरडले असते. आज खिडकीपाशी गेले आणि परत येऊन बसले. त्यांचा कांदा, त्यांची चिमणी.

११ जुलै

शुक्रवार. मोलोखियाचा दिवस. खालून काही ऐकू आलं नाही. मीही केली नाही, भेंडी केली. शुक्री म्हणाले, भेंडी चांगली झालीय. झाली नव्हती.

१३ जुलै

निहाल आली. बेल नाही, काही नाही, सरळ ओट्याशी. पातेल्याचं झाकण काढून द्राक्षाच्या पानांचे रोल बोटांनीच खायला लागली. मी तिला बस म्हटलं नाही. घरच्यांना बस म्हणावं लागत नाही.

तोंडात घास ठेवूनच सगळी बातमी सांगितली. मदाम इजलाल दर दोन-चार दिवसांनी येते. तिला अमेरिकन किचन फार आवडलं, पण डक्टकडची खिडकी तेवढी मळकट दिसते म्हणाली. तिथे कपाटं छान बसतील म्हणाली. आईने होकार दिला. शनिवारी गवंडी येऊन खिडकी बुजवणार.

"बुजवणार?"

"विटांनी. मावशी, तू बोल ना आईशी."

"तिचं घर. तिची भिंत."

"आई हल्ली मोलोखिया करत नाही. बाहेरून मागवते सगळं. रामेझच्या आईसमोर तसा आवाज काढायला तिला लाज वाटते म्हणे. आणि श्वास न ओढता करायचं म्हटलं तर तिचा हातच चालत नाही." मग बोटं चाटत, "तू पण करत नाहीस ना? खाली वासच येत नाही."

"म्हणजे तुम्ही वास घेत बसता?"

"आई घेते."

तिला डबा भरून दिला. मग त्यातले अर्धे रोल काढून घेतले. मग परत भरले.

१४ जुलै

मला विदादची आठवण येते. खालच्या मजल्यावर राहते, तरी येते. लिहून टाकलं. आता भांडी.

१६ जुलै

पडदे आणले. तपकिरीच. दुकानदार पांढरे दाखवत होता, मी बघितलेच नाहीत.

खिडक्यांबद्दल माझं मत — समुद्राकडची खिडकी ही चारचौघांना दाखवायची. पाहुणे आले की आपण ती उघडतो, ते वा वा म्हणतात. डक्टकडच्या खिडकीला कोणी वा वा म्हणत नाही. तिथून पाइप दिसतात, कबुतरांची घाण दिसते, शेजाऱ्यांची अंतर्वस्त्रं दिसतात. पण कोणाकडे आज काय शिजतंय, कोण रडतंय, कोणाचं मूल झोपत नाही, ते सगळं तिथूनच कळतं. आई गेली ती दुपारची. मी तांदूळ पाखडत होते. विदाद जिना चढून आली नव्हती, तिने डक्टमधूनच हाक मारली होती, नुसतं माझं नाव. मला कळलं होतं.

शुक्रींना म्हटलं, बुजवताहेत ती खिडकी. ते म्हणाले, "जाऊन ये खाली."

"बेल वाजवून?"

"बेल वाजवून."

गेले नाही.

१९ जुलै

शनिवार. सकाळपासून ठोकाठोकी. ओट्यावर धुळीचा थर. दोनदा पुसला, मग सोडून दिला. दुपारी आवाज थांबला.

डक्टमध्ये वाकून पाहिलं नाही. आमची खिडकी लावून घेतली. नवे पडदे टांगले. एका बाजूने आखूड झालेत.

शुक्री संध्याकाळी ससा घेऊन आले, सांगितलं नव्हतं तरी. आणि पाल्याची मोठी जुडी. मोलोखिया सशाच्याच रश्शात, हे त्यांना चांगलं माहीत आहे. सगळं ओट्यावर ठेवून दिलं.

२० जुलै

पाला चिरला. रस्सा झाला. वाफ कोंडली म्हणून खिडकी उघडावी लागली. खाली बघितलं नाही.

लसूण तांबूस झाला, धणे टाकले, फोडणी ओतली. चर्र झालं. मी गप्प उभी. श्वास ओढायचाच नाही, असं ठरवलंच होतं. कोणासाठी ओढायचा?

खालून आला. लांब, दणदणीत, अगदी आईसारखा! आणि त्याच्या मागोमाग —

"लसूण करपवलास गं, फर्याल! वर काय झोपलीस?"

म्हणजे खिडकी आहे! मग काल दिवसभर ठोकत काय होते?

मला हसू फुटलं, ते आवरेचना. पातेलं उतरवलं. शुक्रींना म्हटलं, त्या गालिच्याची दोरी सोडा.