लोक पाया पडले ती चूल

भीमपूर, १२ जानेवारी

आदरणीय द्वारकाबाईंना भावजय कुसुमचा सप्रेम जयभीम.

थंडीत तुमचे गुडघे जास्तच धरत असतील; तेल लावत जा. आम्ही बरे आहोत. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (राग मानू नका, तुमचा भाऊही हेच म्हणायचा).

तर आपल्या सुनेनं, दीक्षानं, मागच्या अंगणात विटांची चूल बांधली. ती तिला बार्बेक्यू म्हणते. तीन बाजूंना कमरेएवढ्या भिंती, मध्ये निखारे, वर जाळी, आणि उभ्या उभ्या भाजायचं. विटा तुमच्या भावाच्या. न्हाणीघर वाढवायला आणल्या आणि ते गेले. तीन वर्षं मी कोणाला हात लावू दिला नाही. दीक्षानं त्या कधी मागितल्या नाहीत, नुसतं त्यांच्यावरचं गवत उपटायची. शेवटी मीच म्हणाले, घे.

पंढरी गवंडी कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "काऊन मॅडम, बदकाचं घर बांधून राह्यल्या का?" ही म्हणाली, "हो दादा, तुमी राह्यता का?" ऑफिसात कागद हलवणारी पोरगी, पण विटा आधी भिजवल्या, पाण्याच्या नळीनं पातळी पाहिली, भिंत बोटभर कलली तर पाडून पुन्हा रचली. आतून सिमेंट न लावता माती लावली, कारण सिमेंट विस्तवानं तडकतं. हे ऐकलेला पंढरी चौथ्या दिवशी स्वतःचा ओळंबा घेऊन आत आला (मजुरी नाही, चहा तीनदा).

घोटाळा पुढे झाला. जाळी आदिलाबादहून यायची होती, तोवर भिंती नुसत्याच उभ्या. एका संध्याकाळी त्यांच्यावर मेणबत्ती दिसली. शेजारच्या ताराबाईंना वाटलं, आम्ही तुमच्या भावाचं, भिवाजीभाऊंचं, स्मारक बांधलं. त्या फुलं घेऊन आल्या. पौर्णिमेला अकरा बाया बसल्या (मेणबत्त्या ताटलीत), वंदना झाली, एकीनं डोळेही पुसले. दीक्षा हातावरची माती धुऊन सगळ्यांना चहा देत होती. जाताना ताराबाई मला म्हणाल्या, "सून भेटावी तर अशी. सासऱ्यासाठी आपल्या हातानं बांधलं वो."

आता जाळी आली आहे. पण लोकांनी हात जोडले तिथं कोंबडी कशी भाजायची? आपला लेक संघपाल म्हणतो, पाडून टाकू. मास्तर आहे, चुकलं की खोडायची सवय. दीक्षानं जाळी एकदा बसवून पाहिली, मग कापडात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. ते मला बघवत नाही. इतक्या सुबक हाताचं काम थंड पडू नये, आणि ताराबाईंना खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

घरातल्या लहानमोठ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची
कुसुम

ता. क. येत्या रविवारी या. पहिला तुकडा तुम्ही खायचा, ताराबाईंच्या देखत. सख्ख्या बहिणीनं खाल्लं की बोलायची कोणाची हिंमत नाही. भावाला तंगडी किती आवडायची तेही सांगा. तुमचा आवाज कुंपणापलीकडे जातो.

आणखी एक. ती पहिली मेणबत्ती मीच लावली होती. त्यांच्या विटांवर हात ठेवला आणि राहवलं नाही. दीक्षाला सांगू नका. तिला कळलं असावं. जाळी बसवून पाहताना मेण सांडलेली वीट तिनं खरवडली नाही, जाळीच चार बोटं पुढे सरकवली.