पांढऱ्या पट्टीखाली

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिताना पेन एवढं दाबलं गेलं की कागदाला भोक पडलंय. फोटोत दिसेलच तुला. हो, हाताने लिहून फोटो काढून पाठवतेय. फोन केला की तू ‘हं, हं, साइटवर आहे गं’ म्हणून कापतोस. आवाज रेकॉर्ड करून पाठवला असता, तर त्यात नुसतं माझं ओरडणं ऐकू आलं असतं. ओरडायचंच आहे मला. पण ओरडण्याच्या नादात एक गोष्ट सांगायची राहून जाईल, आणि ती राहून चालणार नाही.

तर, रविवार. सकाळी नऊला तू बाबांना आंघोळ घातलीस. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत ऐकत होते. बाबा म्हणत होते, ‘अरे हळू, माणसाची पाठ आहे, गंजलेला पत्रा नाही!’ आणि तू खो खो हसत होतास. किती बरं वाटलं होतं मला. कॅन्सर मणक्यात उतरल्यापासून त्या न्हाणीघरातून हसण्याचा आवाज आला नव्हता. आणि त्याच आंघोळीत, हसता हसता, तू त्यांच्या पाठीवरचा दुखण्याच्या औषधाचा पॅच काढलास.

काढलास तर काढलास, लपवलास! बाबांना घाम येतो, पॅचच्या कडा सुटतात, म्हणून मी त्यावर रुंद पांढरी पट्टी चिकटवते आणि तिच्यावर मार्करने वार आणि वेळ लिहिते. ‘शनि. १०’. तू पट्टी उचकटलीस, खालचा पॅच काढलास आणि तीच पट्टी अंगठ्याने दाबून परत बसवलीस. माझंच अक्षर मला दाखवलंस. पुढचे दोन दिवस मी दर दोन तासांनी त्यांचा सदरा वर करून बघत होते आणि स्वतःचंच अक्षर वाचून निश्चिंत होत होते. दवाखान्याच्या औषधखिडकीत सहा वर्षं बसलेली बाई मी. पट्टी उचलून बघायचं सुचलं नाही मला.

आता औषधाच्या पुड्या देते म्हणून जिला तू इतकी वर्षं ‘पुडीबाई’ चिडवत आलास तिच्याकडून जरा ऐकून घे. पॅचमधलं फेंटानिल कुठल्या झाडाच्या चिकातून निघत नाही, ते प्रयोगशाळेत बनवलेलं औषध आहे. मॉर्फिनच्या शंभरेक पट जहाल, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ऑपरेशनच्या वेळी भुलीचे डॉक्टर वापरतात. तुझ्या पायात रॉड घातला तेव्हा तुलाही टोचलं असेल, विचार कधीतरी. ते चरबीत विरघळतं म्हणून कातडीतून आत जातं. आधी कातडीखाली साठतं, तिथून हळूहळू रक्तात, आणि रक्तातून मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत. दुखण्याचा निरोप जिथून वर जातो, तिथलं दार ते ओढून घेतं. ताशी पन्नास मायक्रोग्रॅम, असं बहात्तर तास. आणि पॅच काढला तरी कातडीखालचा साठा झिरपतच राहतो. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सतराएक तास लागतात.

सतरा तास, दादा! तू नऊला काढलास आणि दोनला निघालास. बाबा कठड्याला धरून जिना उतरले, फाटकाशी उभे राहिले, टॅक्सी वळेपर्यंत हात हलवत होते. तू मनात म्हणाला असशील, बघा, उगाच चिकटवून ठेवलं होतं, माणूस ठणठणीत आहे. अरे शहाण्या, तू काढलेल्या पॅचच्याच जोरावर ते तिथे उभे होते!

सोमवारी सकाळी जांभया सुरू झाल्या. एकामागून एक. मग नाक वाहायला लागलं, अंगावर काटा, घाम. मी म्हटलं, सर्दी झाली, वाफ घ्या. बाबाही लगेच, ‘हो हो, सर्दीच.’ दुपारपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि पंचाचा बोळा दातात धरला. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस. एकदा बोटाचं टोक कापलं गेलं तर रुमालात गुंडाळून पाळी संपेपर्यंत काम करत होते. त्या माणसाने पंचा चावला, इतका की त्याचे दोरे निघाले. मध्येच उठणाऱ्या कळेसाठी घरात मॉर्फिनची बाटली आहे. तीही घेईनात. ‘नको गं. सवय लागते.’ हे वाक्य कुणाचं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी वेदना विभागातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आजार पुढे गेलेला दिसतोय, पन्नासने भागत नाही, उद्या पंचाहत्तरचा लावा. मी रजिस्टरमध्ये सही करून पंचाहत्तरचा पॅच पर्समध्ये घालून आणला. कळतंय का तुला? औषध अंगातून उतरत चाललेला, न जेवलेला, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि त्याच्यावर आधीच्या दीडपट डोस मी माझ्या हाताने चढवणार होते. या औषधाने श्वास मंदावतो. मंदावत मंदावत थांबूही शकतो. आणि मी शेजारी बसून म्हणाले असते, बरं झालं, झोप लागली.

मंगळवारी दहाला जुना पॅच काढायला पट्टी उचलली. खाली नुसती पाठ. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून आम्हाला परत जमा करावा लागतो, कारण वापरल्यावरही त्यात औषध उरतं. म्हणून मी घरभर शोधला. बाबांच्या चष्म्याच्या डबीत सापडला, काच पुसायच्या फडक्याला चिकटलेला. रोज दहा वेळा ते त्या डबीत बोटं घालतात, म्हणजे उरलेलं औषध बोटांना लागणार. बाबा म्हणाले, ‘दादाला काही बोलू नकोस. त्याने मला विचारून काढला. मीच हो म्हटलं.’

तू काय म्हणालास त्यांना? ‘बाबा, तुम्ही या व्यसनात नका पडू, तुम्ही घट्ट आहात.’ बरोबर ना? त्यांनी शब्दन् शब्द सांगितला, वर छाती काढून. नवा पॅच लावू देईनात म्हणून मी पाया पडले, डोकं आपटलं, डॉक्टरीणबाईंशी बोलायला लावलं. त्या म्हणाल्या, आता इतक्या खंडानंतर पंचविसापासून परत चढवत न्यावं लागेल. बाबा फोनवर गोड आवाजात त्यांना ‘हो मॅडम’ म्हणाले आणि फोन ठेवून मला म्हणाले, ‘माझा पोरगा मोडक्या पायाने तीन दिवसांत गोळ्या सोडतो, आणि मी त्याचा बाप!’

तीन दिवस. बाबांनी केस कापणाऱ्याला सांगितलंय, कारखान्यातल्या सगळ्या मित्रांना सांगितलंय, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगितलंय. माझा मुलगा लिफ्टच्या खड्ड्यात पडला, मांडीचं हाड मोडलं, आणि तीन दिवसांत गोळ्या फेकून दिल्या. वाघ आहे वाघ.

वाघाच्या सूटकेसमागे ट्रॅमाडॉलच्या, म्हणजे त्याच गोळ्यांच्या, रिकाम्या पाकिटांची पिशवी मला सापडली होती, तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. चौदा महिने, दादा. हाड जुळून गेलं होतं, तू शिड्या चढत होतास, तरी गोळ्या चालू होत्या. मग त्या सोडल्यास, तेव्हा बाबांना ‘ताप आलाय’ सांगून आठ दिवस तुझ्या खोलीत मीच बसले होते. तुझ्या जांभया, तुझं वाहणारं नाक, अंगावरचा काटा. तेच सगळं सोमवारी बाबांच्या अंगावर आलं आणि मला ओळखता आलं नाही. या एका गोष्टीसाठी मला तुझ्याइतकाच माझाही राग येतोय. तू घाबरून पॅच काढलास हे मला कळतं. उगाच नाही काढलास. अरे, पण तुझं दुखणं संपलं होतं आणि गोळी मागे उरली होती. बाबांचं दुखणं संपणारं नाहीये. ही साधी गोष्ट तू मला विचारली असतीस तर मी दोन मिनिटांत सांगितली असती. तू विचारलं नाहीस, कारण विचारताना तुला ते चौदा महिने तोंडातून काढावे लागले असते.

तेव्हा आपण दोघांनी ठरवलं होतं, बाबांना कधी सांगायचं नाही. मी आजपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. माफी नकोय मला. तू येऊही नकोस, यायला दीड दिवस लागतो. आज बुधवार आहे, संध्याकाळी सहाला फोन कर. बाबांच्या फोनवर, माझ्या नाही. आणि सांग त्यांना, तीन दिवस नव्हते, चौदा महिने होते. मी सांगून उपयोग नाही. ‘चिडलीस म्हणून भावावर काहीही आळ घेतेस’ म्हणतील. तू सांगितलंस तरच त्यांची हार-जीत संपेल. तुझ्या खोटेपणाची बरोबरी करायला गेलेत ते, आणि ती दात आवळून करतायत. पॅच लावल्यावरही पहिला असर पडायला बारा तास जातात, म्हणजे तू सहाला बोललास तर निदान उद्याची सकाळ त्यांना मिळेल. पंचविसाचं पाकीट टेबलावर आहे, फोडलेलं नाही. पांढरी पट्टी कापून ठेवलीये. तिच्यावर ‘बुध.’ लिहिलंय, वेळ लिहायची राहिलीये.

तुझीच, आणि अजून तितकीच भडकलेली,
पुडी