छिद्रावरचा अंगठा

दि. ८ जानेवारी

ती. ताईस,
तुझ्या भडक माथ्याच्या भावाचा सा. न. वि. वि.

कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणजे वाया गेलो, असं बाबांनी घर डोक्यावर घेऊन सांगितलं होतं ना? मग ऐक. इस्पितळातल्या एका खोलीत आम्ही धडधाकट माणसांच्या श्वासाचा जोर मोजतो. शाळकरी पोरं, कारकून, म्हातारे. निरोगी स्नायू किती जोरानं श्वास ओढतात नि सोडतात हे कळलं, तरच आजाऱ्यांचं कळणार. मी नाकाला चिमटा लावून नळी तोंडात देतो, आकडा टिपते ती, ही मोजणी जिच्या हाताखाली चालते. हसू नकोस. ओढ, अजून ओढ म्हणून ती पोरांना असा चेव आणते, की माझाच श्वास अडकतो.

बाबांना तूच पाठवलंस, कळलंय मला. पण जन्मभर भट्टीपुढे काच फुंकलेल्या माणसाचा आकडा आला एवढासा! लुकड्या कारकुनाहून कमी, तोही तिच्यासमोर. माझं डोकंच फिरलं. नळीला सुईएवढं छिद्र असतं. गालांचा जोर त्यातून निसटून जावा आणि छातीचाच मोजला जावा म्हणून. ती वळली तशी मी त्यावर हळूच अंगठा ठेवला. बाबांचे गाल चेंडूसारखे फुगले, काटा उडाला, रांगेतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि ताई, बाबा माझ्याकडे बघून हसले गं! वर्षभरानं. ओढायचंही माप घेऊ या म्हणाली ती, पण ते दमले होते. मीच पुरे म्हटलं.

लोभ आहेच, त्यातला निम्मा बाबांना दे, आता ते घेतील.

तुझा,
तोफ


दि. २ मार्च

चि. तोफेस,
ताईचे अ. उ. आ.

तिच्याबद्दल पानंच्या पानं लिहितोस, पण समोर तोंडातून शब्द फुटला नसेल, पैज लावते. भांडताना बरा वाघ होतोस.

इकडचं बरं नाही. बाबांना आडवं झालं की गुदमरतं. टेबलावर उशी टाकून, खुर्चीतच डोकं टेकून झोपतात. परवा भट्टीवर चंबू फुंकता फुंकता नळी खाली ठेवली; पुढचं जोडीदारानं केलं. ओढून डॉक्टरांकडे नेलं, तर तिथे मला बोलूच दिलं नाही, तुझा आकडा तेवढा ठणकावून सांगितला. एवढा जोर आहे तर छाती ठीक आहे, धग बाधत असेल, म्हणाले डॉक्टर. मोठ्या इस्पितळात चला म्हटलं की उसळतात. माझ्या मुलानं मोजलंय, त्याच्यावर कोण लागून गेलंय, म्हणतात.

तुझ्या त्या अंगठ्यानं काही बिघडलं तर नाही ना रे? मला त्यातलं कळत नाही.

लोभ आहे म्हणूनच विचारते, राग नको.

तुझी,
ताई


दि. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

बिघडलं. छिद्रावर अंगठा ठेवल्याचं मी तिला सगळं सांगितलं. चिडेल वाटलं होतं, चिडली नाही. बाबांना आडवं झोपता येतं का, एवढंच विचारलं. नाही म्हणताच तिचा चेहरा उतरला. गालांनी उडवलेला काटा छातीचं काहीच सांगत नाही, आणि काच फुंकणाऱ्याचे गाल म्हणजे पोलाद. खरा होता तो पहिला आकडा. ओढायचं माप तर मी घेऊच दिलं नाही. तिनं बाबांचा आकडा खोडला आणि उद्यापासून या खोलीत येऊ नकोस म्हणाली. मी उलटून बोललो नाही. मी!

त्यांना लगेच घेऊन ये. ऐकले नाहीत तर हे पत्र वाचून दाखव.

लोभ मागायला तोंड नाही.

तोफ


दि. २९ मार्च

चि. तोफेस,
अ. उ. आ.

मापं तिनंच घेतली. तू जिन्यात बसून राहिलास, वर आला नाहीस, ते मी पाहिलं.

एकेक स्नायू निकामी करत जाणारा आजार आहे. औषध नाही. आधी कळतं तर रात्रीचं श्वासाचं यंत्र आधी मिळतं, छाती इतकी थकली नसती. बरे मात्र झाले नसते. डॉक्टर म्हणाले तसं लिहिलंय. दोन्ही गोष्टी वाच, एकच धरून बसू नकोस.

तुझं पत्र वाचून दाखवलं. अंगठ्याचा भाग आला. त्यांनी हातानं थांबवलं, आणि दोन-दोन शब्दांनी थांबत म्हणाले, की ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. जन्मभर नळी तोंडाला लावलेल्या माणसाला वारा कुठून निसटतोय, कधी निसटायचा थांबला, हे कळणार नाही का? मग गप्प का राहिलात, म्हणून मी ओरडले. तर म्हणाले, पोरगं हसलं होतं. वर्षभरानं.

मग डॉक्टरांना तो आकडा का सांगितलात, हेही विचारलं. त्यावर त्यांनी श्वासाच्या यंत्राचा मास्क तोंडावर ओढून घेतला.

तिनं मोजायचं छोटं यंत्र घरी दिलंय. दर रविवारी माप घ्यायचं आहे, पण माझ्या हातून घेऊ देत नाहीत. नळी पुढे केली की दाराकडे बघतात. आकडा उतरतच जाणार आहे, तो तुलाच टिपायचा आहे. ये. आणि अंगठा बाजूला ठेव.

लोभ इथे आहे, घ्यायला ये.

तुझी,
ताई