दुखणं घेऊन येतोय

देरा, दुबई
रविवार, १८ जानेवारी २०२६

सौ. रंभास,

अनेक आशीर्वाद. तू, रामेश्वर, सूनबाई सगळी बरी असाल. मीही इकडे खुशाल आहे, असं लिहायला हात सवयीने निघाला होता. ह्या वेळी त्याला थांबवलं.

हे पत्र माझ्या खोलीतला याकूब तुझ्या हातात देईल. तो गुरुवारी सुट्टीवर निघतोय. फोन असताना पत्र कशाला, असं रामेश्वर विचारेल. त्याला सांग, तुमच्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे ग्रामसभेत बोलायचं. व्हिडिओ लावला की फोन टीव्हीला टेकवून ठेवता, आणि वाडीतलं येणारं-जाणारं माणूस त्यात तोंड घालून विचारतं, "काय भिकाजी, खडा पडला का?" नाही पडला! पडणारही नाही! डोकं फिरतं माझं. आणि तू मागे कुठेतरी दाराशी उभी, अर्धीच दिसतेस.

आता खड्याचं एकदाच नीट लिहितो. हवं तर एवढा भाग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव. मला मूतखडा झालेला नाही. उजव्या बरगडीखाली यकृताला चिकटून पित्ताची एक छोटी पिशवी असते, तिच्यात खडे झालेत. एक नाही, पुष्कळ. ते लघवीवाटे पडत नाहीत, कारण तिथून तो रस्ताच नाही. हे मी सप्टेंबरपासून ओरडून सांगतोय. तरी इकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत तुम्ही कुळीथ भरलेत. आख्खे कुळीथ, भाजलेले कुळीथ, कुळथाचं पीठ. परवा आलेल्या पोराची बॅग विमानतळावर उघडली आणि विचारलं, हे काय? तो म्हणाला, "दवाई है, हबीबी." माझ्या पलंगाखाली आता किराणा दुकान झालंय.

बरं, तुम्ही एवढ्या मायेने पाठवलंत म्हणून मी तेही केलं. रोज सकाळी कढण प्यालो. रात्री पिठी खाल्ली. पिठीला लसणीची झणझणीत फोडणी, आणि त्या फोडणीच्या तेलानेच पुन्हा कळ आली. तेलकट पोटात गेलं की ती पिशवी आवळते, तिच्यात खडा अडकतो, आणि मग बरगडीखालून जी कळ निघते ती पाठीत, खांद्यापर्यंत जाते. म्हणजे तुमच्या औषधानेच दुखणं वाढवलं. सांग त्या सगळ्यांना.

इथले तरी शहाणे आहेत म्हणशील, तर तेही नाही. खोलीत आम्ही सहा जण, स्वयंपाक पाळीने. डॉक्टरने मला तेल बंद केलं तशी सगळ्यांची भाजी बिनतेलाची झाली, कारण दोन भांडी घासायला कुणी तयार नाही. आठवडाभर सगळ्यांनी निमूटपणे उकडलेला दुधी खाल्ला. मग साताऱ्याचा बाबाजी ताट सरकवून म्हणाला, "भाऊ, खडे तुझ्या पोटात आन् शिक्षा आमच्या जिभंला?" त्यानेच फोनवर बघून ऑलिव्हचं तेल आणि लिंबू आणलं. म्हणे उपाशीपोटी वाटीभर प्यायचं, खडे विरघळतात. "यल्ला, नाक धर आन् एका दमात." प्यालो. तेवढ्याच दमात बाहेर आलं. तेल बंद म्हणून दुधी खाणाऱ्या माणसाला वाटीभर तेल पाजणारा हा, आणि त्याचं ऐकणारा मी.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते.

मागच्या रविवारी दुपारी खोलीत मटण केलं होतं. मी दोन फोडी आणि थोडा रस्सा घेतला. ओरडू नकोस. संध्याकाळ व्हायच्या आत मी जमिनीवर पडून होतो. याकूबने टॅक्सी करून इस्पितळात नेलं. तिथे दोन दिवस सलाईनवर होतो. तुला मेसेज केला होता ना, ओव्हरटाइम आहे, फोन लागणार नाही? तो ओव्हरटाइम हाच.

डॉक्टरीण बाई केरळची, भली आहे, पण रागावली. म्हणाली, "अंकल, और कितना टालोगे? थैली निकालनी पड़ेगी. इस बार सूजन दवा से उतर गयी. अगली बार इन्फेक्शन फैल गया तो जान पर आयेगी." दुर्बिणीने करतात, पोटाला चार लहान छिद्रं. पिशवी नसली तरी माणूस नीट जगतो म्हणे.

मी लगेच हो म्हटलं. कंपनीच्या विम्याच्या कार्डावर इथेच करायचं, फेब्रुवारीत. आठ-दहा दिवस खोलीत पडायचं, आणि मार्चमध्ये शिमग्याला इस्त्रीचा शर्ट घालून गावी यायचं. पालखी नाचवायची नाही, कमरेचं निमित्त सांगायचं. तुला काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

हे मी याकूबला तिथेच सांगितलं. तेव्हा मी ओकत होतो आणि तो तसराळं धरून उभा होता. माझं तोंड पुसलं आणि मग असा भडकला की नर्स धावत आली. "भिकाजीभाऊ, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? ओकारी मी पुसायची आणि वहिनींना फक्त इस्त्रीचा शर्ट दाखवायचा? मी पुसतो, मला काय नाही त्याचं. पण त्यांनी मला विचारलं तर मी झूट बोलणार नाही. खलास."

दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तुझ्यामाझ्यात बोलणारा हा कोण, असं वाटलं.

पण रंभा, तो खरं बोलला. बावीस वर्षं मी त्या घरात पाहुणा म्हणून येतो. दाढी करून, अत्तर लावून, बॅगा भरून. मी आलो की सुरमई तळली जाते, शेजारी येतात, चॉकलेटं वाटली जातात, महिना संपतो. त्या घरात मला कधी साधा ताप आलेला नाही. तू तिथे बाळंतपण काढलंस, मलेरिया काढलास, आईचं शेवटचं अंथरूण काढलंस. मी फोनवर "कसं आहे?" विचारलं आणि तू "बरं आहे" म्हणालीस. आजारी माणूस म्हणून आपण एकमेकांना कधी बघितलेलंच नाही. मळक्या बनियनमध्ये, पोट धरून, पिवळा पडलेला असा मी दारात आलो तर तुला कसं वाटेल, ह्याची मला भीती वाटते. काय ही ब्याद, असं तुझ्या मनात आलं तर? ऑपरेशनची भीती वेगळी, ती डॉक्टरला सांगून झाली. ही सांगता येत नव्हती, म्हणून इतके महिने कुळथावर चिडत राहिलो.

तर इथलं ऑपरेशन मी रद्द केलंय. डॉक्टरीण म्हणाली, आता सूज उतरली आहे तोवर लवकर जा, रिपोर्ट बरोबर ठेव आणि तेलाचा थेंब घेऊ नकोस. सुपरवायझर आधी खूप बोलला, मग सुट्टी दिली. सत्तावीस तारखेला येतो. रामेश्वरला चिपळूणच्या सर्जनची वेळ घ्यायला सांग. इथलं कार्ड तिथे चालणार नाही, त्यावर घरात चर्चा नको.

वाडीत इतक्यात सांगू नकोस. मासे आणू नकोस. बॅगेत कुणासाठी काही नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेव. माझं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर घालू नकोस, तिथे पाहुणे झोपतात. आतल्या खोलीत घाल, तुझ्या शेजारी.

आणि एक. मी कण्हतो. बाबाजी म्हणतो, भिंतीपलीकडे ऐकू जातं. तू ते कधी ऐकलेलं नाहीस. ऐकशील तेव्हा घाबरू नकोस, आणि दाराशी उभी राहू नकोस. आत येऊन बस.

ह्या खेपेला घरचाच,
भिकाजी