उपग्रहालाही न सापडलेला म्हस्कूदादा

बारामती, माघ सरता सरता

तीर्थरूप म्हस्कूदादास, धाकट्या रावजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हितली माणसं, कोंबडी आणि बिऱ्हाडगाडी सुखरूप हायत. बिऱ्हाडगाडी काय ते खाली येतंय, दम धर. तिकडं मेंढरं, घोडं आणि दोन्ही कुत्री कशी हायत ते कळव, आणि त्यांच्या मागनं तुझे गुडघे कसे हायत तेबी कळव. तुझा पत्ता म्हणजे या आठवड्यात कुणाच्या रानाला लेंड्यांचं खत पायजे त्यावर ठरणार, आणि पोस्टमन काय मेंढरांमागं फिरत न्हाय. म्हणून हे पत्र मोरगावच्या अलीकडं प्रयागबाईच्या हॉटेलात ठेवतोय, कारण चहा-तंबाखूला तू तितं टेकतोसच. प्रयागबाई, तुमी चौथी शिकलेल्या, तुमीच वाचून दाखवा. फक्त कंसात लिहिलेलं दादाला वाचू नका, ते तुमच्या-माझ्यात.

आता मुद्द्याचं. गुरुवारच्या बाजारात गेणबा व्यापारी भेटला. मिशीवर हात फिरवत म्हणला, म्हस्कूनं शब्द दिलाय, पाडव्याला सगळी मेंढरं आपल्याला. मी म्हणलो बरं झालं, माझ्या भावाला एकदाची अक्कल आली, उन्हातानात किती दिवस हिंडणार? मला काय रे, मी एमआयडीसीतला माणूस, टेम्पोच्या बॉड्या बांधतो, डोक्यावर स्लॅब हाय, मला मेंढरांचं काय पडलंय! पण आईच्या मनानं घेतलं. विकायच्या आधी एक रात तुझ्या तळावर, मेंढरांच्या उबेला झोपायचं, एवढीच तिची इच्छा. म्हातारं माणूस, तिचं मन मोडवत न्हाय. पुढं जे जे लिहिलंय ते सगळं मी तिच्यापायी केलं, हे आधीच सांगून ठेवतो.

तळापर्यंत एस्टी येत न्हाय आणि आईला आता ढेकळांतनं चालवत न्हाय. म्हणून एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस आणली, बाकडी उपटून काढली, झोपायला दोन फळ्या टाकल्या, स्टोव्ह बसवला, पाण्याचा पिंप बसवला, देवांना पत्र्याचा कोनाडा केला. गल्लीनं तिचं नाव बिऱ्हाडगाडी पाडलं. आईनं तर टपावर डालग्यात कोंबडीबी ठेवली, कारण कोंबडीबिगर बिऱ्हाड तिनं जन्मात बघितलं न्हाय. दादा, ते डालगं बघितलं आणि मला आपलं पांढरं घोडं आठवलं. पाठीवर वाकळा, तवा, परात, त्यावर डालगं, आणि डालग्याशेजारी दोरीनं बांधलेला मी. तू लगाम धरून पुढं. मी वरनं वराडायचो, दादा, कोंबडी चोच मारती. तू मागं न बघता म्हणायचास, तूबी मार. कसले दिवस व्हते रे ते! (प्रयागबाई, हे शेवटचं वाक्य गाळा. त्याला वाटंल मी रडतोय.)

गाडी झाली, पण जायचं कुठं? तवा मला मोठी अक्कल सुचली. आपल्या दत्तोबाचा थोरला बोटीवर नोकरीला हाय, त्यानं परदेशातनं उपग्रहाची यंत्रं आणलेली. आकाशातल्या उपग्रहांना विचारून ती सांगतात आपण कुठं हाय आणि कुणीकडं जायचं. त्याच्याकडं दोन व्हती. एक मोठं, खास बोटीवरचं, पाणी किती खोल आणि भरती कवा ते सांगणारं. आता भरती-ओहोटी आपल्याकडं फक्त कालव्याला, तीबी पाटकऱ्याच्या मर्जीनं, तितं उपग्रह काय करणार? दुसरं तळहातावर बसणारं, काळं, वर बोटाएवढं शिंग. आईनं मेंढा पारखावा तशी दोन्ही पारखली. हातावर तोलली, पाठीवरनं हात फिरवला, बटणं दातांसारखी दाबून बघितली, आणि धाकटं चपळ हाय म्हणून निकाल दिला. दोन घोंगड्यांवर सौदा मिटला. (त्यातली एक दादानं माझ्या लग्नात दिलेली. वाचलंत तर माझ्याशी गाठ हाय.)

घेणं सोपं, बसवणं अवघड. मी ते काचेजवळ ठोकायला गेलो तर आई आडवी आली. देव आत कोनाड्यात आणि हे मेलं पुढं मिरवणार? मग देवांच्या पायाशी, कोनाड्यात बसवलं. चालू केलं तर नुसतं आकाश शोधत बसलं. वर पत्रा, भोवती पत्रा, बिचाऱ्याला उपग्रह दिसणार कुठनं? मग टपावर, डालग्याशेजारी बांधलं. तितं त्याला उपग्रह दिसले, पण आमाला यंत्र दिसंना. गावाभोवती फेरी मारून बघितली, तर दर फाट्याला गाडी थांबवून शिडी लावायची, वर चढायचं, घराकडचा बाण बघायचा, खाली उतरून आईला विचारायचं की मी वर असताना डावीकडं म्हणत व्हतो ती तुझी डावी का माझी. त्यात कोंबडीनं यंत्रावर जे करायचं ते केलं. शेवटी देवच उचलून काचेजवळ वर बसवले आणि यंत्र त्यांच्या पायाशी. दोघांनाबी आकाश दिसायला लागलं, भांडण मिटलं. नारळ फोडला. आईनं बिरोबाच्या नावानं चांगभलं करून भंडारा उधळला, त्यातला मूठभर यंत्राच्या फटीत गेला आणि बंद करायचं बटण रुतून बसलं. तवापास्नं यंत्र बंद होत न्हाय. सेल संपले तरच झोपतं.

आणि आणखी एक गंमत. गाडी जागची हलत नसली तरी यंत्र दाखवतं की आमी चालतोय. जरा इकडं, जरा तिकडं, हळूहळू. दत्तोबाचा पोरगा म्हणला, परदेशी सरकार त्यात मुद्दाम थोडी चूक मिसळतं, लष्कराच्या भानगडी हायत. असतील. मला ती चाल ओळखीची वाटली. मेंढरं चरत चरत पुढं सरकतात ना, तशी.

तर निघालो. बारामती मागं पडली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्र सांगतं आपण कुठं हाय. तू कुठं हाईस ते त्याला कोण सांगणार? एखाद्या जागी जाऊन बटण दाबलं तरच ते तितं आपला खुंटा ठोकतं आणि पुन्हा वाट दाखवतं. आणि तुझी जागा ठाऊक असती तर यंत्र कशाला घेतलं असतं? मी हे आईला सांगितलं न्हाय. (तिला आधीच कळलं व्हतं.)

आधी इंदापूरकडं, उजनीच्या फुगवट्याला गेलो, कारण मागल्या महिन्यात तू तितं दिसला व्हतास. तू नव्हतास, नुसतं पाणी. आईनं पाण्यात लांब बोट दाखवलं. म्हणली, धरण व्हायच्या आधी तितं आपला तळ असायचा, त्या बाभळीखाली म्हस्कू झाला. दुसऱ्या दिवशी तुला पाटीत घालून ती चालायला लागली, कारण पुढचा तळ दुसऱ्याच्या रानाला कबूल केलेला. मी यंत्र घेऊन काठावर उभा राह्यलो. खुंटा ठोकायला पाण्यात शिरावं लागलं असतं. मोठं यंत्र घेतलं असतं तर तू किती खोल जन्मलास ते तरी कळलं असतं. आईला हसू आलं, मग पदर डोळ्याला लावला, आणि मला म्हणली, तू कशाला तोंड फिरवतोस?

तितल्या शेतकऱ्यानं सांगितलं म्हस्कू सोमेश्वरनगरच्या अंगाला गेला. गेलो. उसाच्या ट्रॉल्यांमागं निम्मा दिवस गेला, यंत्र तेवढं चालत व्हतं. एका रानात लेंड्या दिसल्या. आईनं एक उचलली, चुरगळली, वास घेतला आणि ठासून म्हणली, आपल्याच, आजच्याच. मी तशीच गाडी दामटली, तर पुढं गावातली शेरडं बांधलेली, आणि एक बाई आमाला विचारती काय पायजे. शेवटी मोरगावला प्रयागबाईकडं आलो, तर तू सकाळीच चहा पिऊन पुढं गेलेला, आणि पुढं म्हणजे कुठं ते तू सांगितलं न्हाईस. लेका, कवातरी सांगत जा की! यंत्राचे सेलबी तितंच संपले.

तर पाडव्याच्या आधी कुणाच्या रानात बसणार तेवढं प्रयागबाईकडं सांगून ठेव. आईची इच्छा पुरी होऊ दे, मग खुशाल मेंढरं विक. घोड्याच्या पाठीवर माझा हात फिरव.

तुझा धाकटा,
रावजी

ता. क. मेंढरं विकल्यावर काळजी करू नको. हितं एका डेअरीच्या फाटकावर तुझ्यासाठी शब्द टाकलाय. खाकी कपडे, शिट्टी आणि बसायला खुर्ची. दिवसभर जागचं हलायचं न्हाय.

ता. क. दुसरा. वरचं सगळं आईला वाचून दाखवलं, तर ती माझ्यावरच उखडली. म्हणली, मी कवा म्हणले मला तळावर झोपायचं? जन्मभर झोपले, हाडं मोडली. मला माझी खाट बरी आणि टीव्ही बरा. म्हस्कूचे गुडघे त्याला ठाऊक, त्याला विकायची तर विकू दे. मी गाडीत बसले ते तू एकटाच जाऊन रानात रडत बसशील म्हणून. माझं नाव पुढं करू नको.

ता. क. तिसरा. आता खरं लिहितो. स्लॅबखाली मला झोप येत न्हाय. तू कुठंतरी मेंढरांमागं हाईस म्हणून मी हितं बॉड्या बांधत बसू शकलो. दारात बिऱ्हाडगाडी लावलीय, चारी चाकांना दगड लावलेत, आत बसून हे लिहितोय. नवे सेल घातलेत आणि देवांच्या पायाशी यंत्र म्हणतंय, रावजी चालतोय. दादा, मेंढरं विकू नको. गुडघे दुखत असतील तर तू वर बस, डालग्याशेजारी, मी पुढं चालतो. गाडी कोण चालवणार ते मग बघू. कोंबडीनं चोच मारली तर तूबी मार.

प्रयागबाई, हे कंसात न्हाय. दोनदा वाचा.