तो ताप नव्हता

प्रिय ठकू,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आई, मुद्द्यावर ये," म्हणतेस. या वेळी मुद्द्यावर यायला मला वेळ लागणार आहे, तेव्हा निवांत बसून वाच.

पेपरातला तुझा फोटो शेजारच्या वहिनींनी कापून आणून दिला. स्मरणशक्तीच्या गोळीची चाचणी यशस्वी, आणि खाली तुझं वाक्य: 'हे सगळं माझ्या बाबांसाठी.' वहिनींचे डोळे भरून आले. मी म्हटलं, फोटो छान आलाय, केस तेवढे विंचरायला हवे होते.

तुझ्या आग्रहाखातरच मी त्या चाचणीत नाव दिलं. साठी उलटलेली पण धडधाकट माणसं हवी होती तुम्हाला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा जन्म गेला, एके काळी अर्ध्या शहराचे नंबर पाठ होते. म्हटलं, बघू तरी डोक्यात काय शिल्लक आहे. चौथ्या मजल्यावरच्या त्या बिनपडद्याच्या खोलीत तुमची ती मुलगी शब्द वाचून दाखवायची, छत्री, लोहार, दोरी. मग भलत्याच गप्पा मारायची आणि एकदम म्हणायची, "आता सांगा आजी." सुरुवातीला निम्मे विसरायचे. महिन्याभरात एकही चुकेना. तू धावत येऊन मिठी मारलीस, "आई, तू आमची सगळ्यात हुशार पेशंट!" मी पेशंट कधी झाले, ते विचारायचं राहूनच गेलं.

तुझ्या बाबांना शेवटी शेवटी काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एवढे नावाजलेले हेडमास्तर, पण मला 'बाई' म्हणायचे. "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. तुमच्या घरचे नशीबवान." मला चांगलं म्हणायला त्यांना आधी माझी ओळख विसरावी लागली. त्यांचं हगणंमुतणं मी वर्षानुवर्षं काढलं, लोक मला देवी म्हणाले. देवीबिवी काही नाही गं. मीही विसरले होते. एखादी गोष्ट आठवायची नाही असं ठरवलं, की हळूहळू ती खरंच आठवेनाशी होते. माझा डावा कान तापाने गेला, असं सगळ्यांना सांगत आले. इतक्यांदा सांगितलं, की मला तो ताप आठवायचासुद्धा.

आणि एके सकाळी ती मुलगी म्हणाली, "बशी."

तुझ्या बाबांनी बशी आधी नीट टेबलावर ठेवली होती. चहाचा थेंब सांडू दिला नाही. मग मारलं. चहा गार होता, एवढंच कारण. कानात शिट्टी वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर मी हेडफोन उजव्या कानाला लावला. सुपरवायझरबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ताप.

ती एक आठवण आली आणि मग बाकीच्या रांग लावून आल्या. मारणं क्वचितच असायचं, बोलणं मात्र रोजचं. त्यांचा शब्द न शब्द मला आता आठवतो, आवाजासकट. गोळी कधीच बंद झाली, तरी तो आवाज काही बंद होत नाही. तुम्ही त्रास विचारलेत तीनच: मळमळ, डोकेदुखी, निद्रानाश. मी तिन्हीला 'नाही' म्हटलं. चौथं कुणी विचारलंच नाही.

तुझे बाबा सगळं विसरून धुतल्या तांदळासारखे गेले, आणि त्यांनी आठवायचं ते माझ्या वाट्याला आलं. तेही माझ्याच लेकीच्या हातून. रागावले होते मी तुझ्यावर. गुडघेदुखीचं निमित्त सांगून तुझा सत्कार टाळला. गुडघे ठणठणीत आहेत.

हे सगळं मी मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं. पण काल जावयांचा फोन आला. म्हणाले, लोकांचा विश्वास बसावा म्हणून ती आता स्वतःच गोळी सुरू करतेय. ठकू, त्या बशीच्या सकाळी तू टेबलाखाली खेळत होतीस. चार वर्षांची. त्यांचा हात दुसऱ्यांदा उठला तेव्हा तू बाहेर आलीस, त्यांच्या पायाला घट्ट मिठी मारलीस आणि म्हणालीस, "बाबा, आई आता पुन्हा असं नाही करणार." आज तुला यातलं काही आठवत नाही. उद्या आठवेल, आणि आठवलं की तू स्वतःला खात बसशील. मी काय तुला ओळखत नाही? 'आईची चूक होती असं मी म्हणाले,' एवढंच तू धरून बसशील. पण तुझं तोंड त्यांच्या विजारीत खुपसलेलं होतं. वर काय झालं ते तू पाहिलंच नाहीस, आणि न पाहिलेलं कुठल्याच गोळीने आठवत नाही. ते मी पाहिलं. उठलेला हात तसाच थांबला आणि खाली आला. त्या घरात मला वाचवायला कुणी आलं ते त्या एकदाच, आणि ती तू होतीस. आता घ्यायची तर घे गोळी.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
आई